मुंबईचा गंजलेला कील उजनीत उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या एका गृहस्थांनी मुंबईकडून ऐंशीच्या दशकातली 25 फुटी, फायबरची शिडाची होडी विकत घेतली. सध्या ती शहराबाहेर एका प्लॉटवर ट्रेलरवर उभी आहे. खालचा बिडाचा (कास्ट आयर्नचा) कील, म्हणजे होडीला तोल देणारा तळाचा जड पंखा, इतका गंजलाय की हात लावला तरी पापुद्रे सुटतात, आणि खालच्या कडेला खड्डे पडलेत. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याचा सल्ला असा: ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासा, दोन हात रेड ऑक्साइड मारा, वर काळा ऑइलपेंट द्या. होडी आता उजनी धरणाच्या गोड पाण्यातच राहणार, तर गंजायची भीती कशाला? एवढं पुरेल का, असं त्यांनी विचारलंय.

पुरणार नाही. एका पावसाळ्यानंतर फोड येतील आणि दुसऱ्या उन्हाळ्यात रंग नखानं निघेल. साखर कारखान्यांच्या टाक्या, पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पाइपलाइनी, धरणाचे दरवाजे अशा कामांवर ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं खर मारून गंज काढणं) आणि रंगकाम करण्यात माझं आयुष्य गेलं. किनाऱ्यावर बोटींचे कीलही केले. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्यासमोरचा मुख्य प्रश्न गंजाचा नाही, मिठाचा आहे. कील सोलापुरात आला तरी समुद्राचं मीठ त्याच्या खड्ड्यांच्या तळाशी तसंच बसलेलं आहे, आणि वायर ब्रश तिथपर्यंत पोहोचत नाही. उलट ब्रशनं गंज चोपला जातो, खड्ड्याचं तोंड बुजतं आणि वरून लोखंड चकचकीत दिसायला लागतं.

खड्ड्यात काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचा खटाटोप कशासाठी ते कळेल. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड लोखंडाशी मिळून लोहाचा क्षार तयार होतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि खड्ड्याच्या तळाशी आम्ल तयार करतो. आम्लानं आणखी लोखंड खाल्लं जातं, क्लोराइड मात्र संपत नाही, तो पुन्हा त्याच कामाला लागतो. आता यावर रंग दिला असं धरा. रंगाचा थर कितीही चांगला असला तरी त्यातून थोडंथोडं पाणी आत झिरपतंच. आत मीठ असलं की ते पाणी ओढून घेतं, दाब वाढतो आणि रंग फुगतो. हा ओढा आतल्या आणि बाहेरच्या खारटपणातल्या फरकावर चालतो. समुद्रात बाहेरही खारंच असतं, त्यामुळे फरक कमी. उजनीत बाहेर गोडं पाणी, म्हणजे फरक जास्त. म्हणून मीठ न काढता रंगवलेला कील गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा लवकर फोड धरतो. 'गोडं पाणी आहे, भीती नाही' हे उघड्या, मीठ नसलेल्या लोखंडापुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. तुमच्या कीलला ते लागू नाही. माढा-पंढरपूरकडच्या उसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: क्षारपड जमिनीतले क्षार निचरून जाईपर्यंत वर कितीही खत टाकलं तरी पीक पिवळंच राहतं.

रंगाच्या आधी बोल्ट. कील होडीला ज्या स्टडांनी (आटे पाडलेल्या लांब बोल्टांनी) धरलेला असतो ते खराब असतील तर बाकी सगळं काम वाया आहे. एवढ्या होडीचा कील साधारण सात-आठशे किलोपासून दीड टनापर्यंत भरतो, आणि वाऱ्यानं कलंडलेली होडी परत उभी राहते ती याच वजनामुळे. उजनीवर वळवाचा वारा कसा येतो ते तुम्ही जाणता. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचे जीव गेले. ती होडी वेगळ्या प्रकारची होती. पण त्या पाण्यावर बोल्ट न तपासता कीलची होडी नेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

होडीच्या आत, तळाशी पाणी साठतं तिथे कील-बोल्टचे नट दिसतील. एकेक नट हातोडीनं वाजवा. घट्ट नट खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. बाहेरून कील आणि होडीच्या जोडाची रेघ पाहा: तांबूस ओघळ असतील, किंवा पुढच्या बाजूला फट पडली असेल, तर आत पाणी शिरतंय. मग सगळ्यात संशयित जागेचा एक बोल्ट काढून पाहावाच लागतो. बोल्ट नटाशीही चांगला असतो आणि खाली कीलमध्येही चांगला असतो. खातो तो नेमका मधे, जोडाच्या जागी, जिथे ओलावा अडकून राहतो. तिथे बोल्ट खाऊन बारीक झालेला दिसला तर एकावर थांबू नका, सगळेच बदला. कील खाली लाकडी ठोकळ्यांवर पूर्ण टेकलेला आणि होडी दोन्ही बाजूंनी आधारलेली असल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. क्रेनला किंवा चेनब्लॉकला लटकत असताना तर मुळीच नाही, आणि त्या वेळी खाली कुणी हातही घालायचा नाही.

नवे स्टड अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत कुठल्याही चांगल्या टर्नरकडे होतील, फक्त जुन्याचे आटे मोजून घ्या. इंग्लंडमध्ये बनलेल्या जुन्या होडीत ते मेट्रिक नसण्याची शक्यता असते. धातू जो होता तोच ठेवा. मूळचे गॅल्व्हनाइज्ड असतील तर गरम जस्तात बुडवलेलेच करून घ्या. 'स्टेनलेस टाका, कायमचं काम' असा सल्ला सगळे देतात. स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे तयार होणाऱ्या पातळ पापुद्र्यामुळे. ओल्या, हवाबंद फटीत तो पापुद्रा टिकत नाही आणि स्टेनलेस आतून खड्ड्या-खड्ड्यांनी खाल्लं जातं. बाहेर दिसणारं टोक मात्र शेवटपर्यंत चमकत राहतं.

बोल्ट मनासारखे झाले की कीलकडे वळा. सुटे खवले चिपिंग हॅमरनं पाडा, मग जाड चाकूचं टोक घेऊन ठिकठिकाणी खरवडा. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पत्र्यांच्या रूपात असतो. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिल्यावर काही ठिकाणी लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा दिसतो, पण चाकूनं काळं, मऊ, पेन्सिलच्या शिशासारखं खरवडून निघतं. हे सगळं कडक धातू लागेपर्यंत काढायचं. खड्डे कितीही खोल निघाले तरी वेल्डिंगनं भरू नका. साध्या रॉडनं बिडावर वेल्डिंग केलं की शेजारी तडा जातो. निकेलचे रॉड आणि नीट तापवणं जमलं तर होतं, पण टनभर वजनाच्या कीलला, वर फायबरची होडी असताना, ते कुणी करू नये. खड्डे नंतर इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रसायन) पुट्टीनं भरले जातात. त्यानं वजनात पडणारा फरक नगण्य असतो.

आता ब्लास्टिंग. याला पर्याय नाही. साखर कारखान्यांची टाकीकामं करणाऱ्या कुठल्याही ठेकेदाराकडे कॉम्प्रेसर आणि खर भरायचा हॉपर असतो, फक्त त्याची वेळ आधी धरून ठेवा. गाळप संपून ऑफ सीझन लागला की ही मंडळी कारखान्यांत अडकतात. फेब्रुवारी-मार्च मला सगळ्यात सोयीचे वाटतात. मारायचा खर म्हणून कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरायला सांगा. नदीची वाळू वापरू देऊ नका, मग ती भीमेची असो की सीनेची. कोरड्या वाळूच्या ब्लास्टिंगची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. हे माणसांच्या जिवाचं आहे, चार पैसे वाचवायची जागा नव्हे. होडीच्या फायबरला आधी जाड रबर किंवा प्लायवूड लावून झाका, कारण फायबरवर नोझल क्षणभर फिरला तरी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, जातो. जुन्या रंगाची धूळ ताडपत्रीवर गोळा करा. जुन्या होड्यांच्या रंगात शिसं आणि कथिलाची विषारी संयुगं असू शकतात. कथिलाच्या त्या रंगांवर 2008 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण तुमची होडी त्याआधीची आहे.

ठेकेदाराला सफाईचा दर्जा सांगताना 'एसए अडीच' (गंज जवळजवळ पूर्ण निघालेला) म्हणा, त्याला कळेल. पृष्ठभागाची खरखर 50 ते 75 मायक्रॉन. ब्लास्टिंगनंतर बीड स्टीलच्या प्लेटसारखं पांढरं होत नाही, ग्रॅफाइटमुळे करडं-काळपट राहतं. रंग अजून काळा दिसतो म्हणून मारत बसू नका.

पहिलं ब्लास्टिंग झालं की ठेकेदार लगेच प्रायमरचा डबा उघडेल. त्याला थांबवा. तुमचं काम इथून सुरू होतं. ब्लास्टिंगनं गंज निघाला, पण खड्ड्यांच्या तळाशी मीठ शिल्लक आहे. किनाऱ्यावर आम्ही कील रात्रभर तसाच ठेवायचो. दमट हवेत मिठाच्या जागा सकाळी काळ्या, ओलसर ठिपक्यांसारख्या उठून दिसायच्या. सोलापूरची मार्चमधली हवा इतकी कोरडी असते की इथे काही दिसणार नाही आणि कील साफ झाला असं वाटेल. त्यावर उपाय सोपा आहे: कीलभोवती प्लास्टिक गुंडाळा, आत जमिनीवर ओली पोती टाका आणि रात्रभर दमट ठेवा. सकाळी ठिपके दिसतील. त्या जागा खडूनं घेरून ठेवा.

मग धुणं. कार धुण्याचा प्रेशर वॉशर चालेल, त्याहून ताकदीचा मिळाला तर उत्तम. पाणी कोणतं वापरता ते मात्र जपा. सोलापुरातल्या बहुतेक बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त असतं, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते ते तुम्ही पाहत असालच. त्यानं धुतलं तर एक मीठ काढून दुसरं बसवल्यासारखं होईल. धुवायला नळाचं पाणी वापरा आणि शेवटचा हात आरओच्या पाण्यानं फिरवा. लग्नकार्यात येतात ते जार चार-पाच मागवा, भागेल.

धुऊन झाल्यावर मीठ राहिलं का हे मोजता येतं. जहाजांवर यासाठी तयार पट्ट्या आणि मीटर असतात. तुम्हाला आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर पुरेल. 50 मिली डिस्टिल्ड वॉटर मोजून घ्या, त्याचा टीडीएस लिहून ठेवा. कीलवर 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन आखा. स्वच्छ हातमोजे घालून कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून चौकोन नीट पुसा, बोळा परत त्याच पाण्यात पिळा, असं चार-पाच वेळा करा. टीडीएस 10 नं वाढला तर त्या जागी दर चौरस मीटरला साधारण 50 मिलिग्रॅम मीठ आहे, आणि जहाजांच्या पाणटाक्यांच्या रंगकामात हीच कमाल मर्यादा धरतात. बोळ्यानं सगळं मीठ निघत नाही, म्हणून 10 आला तर समाधान मानू नका, त्याच्या बराच खाली आणा. खडूनं घेरलेल्या जागीच मोजा. सपाट, चांगल्या जागी मोजून आकडा कमी आणण्यात अर्थ नाही. आकडा जास्त आला तर पुन्हा ब्लास्ट, पुन्हा धुणं. खोल खड्ड्यांच्या कीलला हे दोन-तीनदा करावं लागू शकतं. कंटाळा येईल, पण सगळ्या कामात मला याच्याइतकी महत्त्वाची पायरी दुसरी वाटत नाही.

आकडा मनासारखा आला की धुण्यानं आलेली हलकी तांबूस झाक घालवायला एक हलकं ब्लास्टिंग करा, कोरड्या हवेनं धूळ झटका आणि त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत, पहिला इपॉक्सी कोट द्या. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी किंवा तेल येत नाही ना, हे पांढऱ्या कापडावर झोत धरून आधी तपासा.

ऊन इथे आपल्याला मदतही करतं आणि दगाही देतं. रंगाच्या वेळी धातू दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं त्या, तापमानापेक्षा किमान 3 अंश गरम हवा आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी. 38 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 11 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे दवाची चिंताच नाही. तेच जूनमध्ये 30 अंश आणि 70 टक्के असताना दवबिंदू 24 वर जातो. रात्रभर गार झालेला टनभर बिडाचा गोळा सकाळी उशिरापर्यंत थंड राहतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणारा घाम सुटतो. म्हणून मृग लागायच्या आत रंग संपवा. उलट मे महिन्याच्या दुपारी उन्हातला कील हात लावू देत नाही. तेव्हा रंग मारला तर त्यातलं थिनर आधी उडतं, इपॉक्सी पसरत नाही, बारीक छिद्रं राहतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की मिसळलेल्या इपॉक्सीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे डबाभर एकदम कालवू नका. कीलभोवती डाळिंबावर टाकतात ती शेडनेट बांधा आणि सकाळच्या वेळात काम करा.

पहिला कोट पातळ, खड्ड्यात मुरणारा इपॉक्सी द्या आणि तो ब्रशनं चोळून लावा. स्प्रेनं खड्ड्याच्या तळाशी हवा अडकते. जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर या जुन्या, मीठ खाल्लेल्या बिडावर मी वापरत नाही. मागे थोडं जरी मीठ राहिलं असेल तर जस्त त्याच्याशीच झगडत बसतं. पुट्टी भरायची ती या कोटावर, उघड्या धातूवर नाही, आणि इपॉक्सीचीच. गाडीच्या डेंटिंगवाल्याची पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. फेअरिंगचा (पृष्ठभाग अगदी गुळगुळीत करण्याचा) फार ध्यास घेऊ नका, तुम्हाला शर्यत जिंकायची नाही. पुढची आणि मागची कड सरळ झाली की पुरे.

त्यावर हाय-बिल्ड (एका हातात जाड बसणाऱ्या) इपॉक्सीचे थर. प्रत्येक पूर्ण कोटाआधी कडा, कोपरे आणि जोडाची रेघ ब्रशनं वेगळी रंगवून घ्या, कारण धारदार कडेवरून रंग मागे सरकतो आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. एकूण जाडी वाळल्यावर 400 मायक्रॉनच्या खाली नको. कोट आळीपाळीनं दोन रंगांचे घ्या, म्हणजे राहिलेली जागा लगेच दिसते. ज्या ठोकळ्यांवर कील टेकलाय त्याखालची जागा बहुतेक लोक सोडून देतात. होडी उचलून, ठोकळे सरकवून तीही पूर्ण प्रक्रियेनं करा. कीलच्या तळाला या सगळ्यावर ग्लास फ्लेक (काचेचे बारीक पापुद्रे मिसळलेल्या) इपॉक्सीचा एक कोट द्या. उजनीच्या पोटात बुडालेली गावं आहेत. पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं तसे वाडे, बांध आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली आहेत, आणि काठाचा मुरूम-दगड वेगळाच. तुमचा कील घासला जाणार आहे.

पाइपलाइनवाल्या ठेकेदाराकडे ओल्या स्पंजचा होलिडे डिटेक्टर, म्हणजे रंगातली छिद्रं शोधणारं यंत्र, असतो. कमी व्होल्टेजचा हा प्रकार 500 मायक्रॉनपर्यंतच्या थराला चालतो. एकदा फिरवून घ्या. जिथे वाजेल तिथे टाचणीएवढं छिद्र आहे, ती जागा घासून परत रंगवा.

रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट कायम बुडणाऱ्या लोखंडासाठी नाहीतच. गंजावर लावायची 'कन्व्हर्टर' द्रावणंही गेट-ग्रिलला ठीक, पाण्याखाली नकोत. कोलटार इपॉक्सी टिकाऊ आहे, मी ते आयुष्यभर वापरलं. पण या कीलला मी ते सुचवणार नाही. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं, आणि कोलटारमधली संयुगं पिण्याच्या पाण्यात जायला नकोत. त्याच कारणानं तांब्याचा अँटिफाउलिंग रंगही लावू नका. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तो समुद्रात लागतो. उजनीत शेवाळ आणि चिकट थर धरतो, तो मऊ ब्रशनं निघतो. शिवाय इपॉक्सीला खरचटून तांब्याचा रंग उघड्या लोखंडाला भिडला तर तिथे गंज आणखी जोरात धावतो.

राहिला अ‍ॅनोड, म्हणजे कीलऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. समुद्रात जस्ताचा लावतात आणि तुमच्या कीलवर कदाचित त्याचाच उरलेला तुकडा असेल. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरा थर जमतो आणि तो काम करेनासा होतो. इथे मॅग्नेशियमचा लागतो. रंग नीट झालेला असेल तर दोन्ही बाजूंना एकेक छोटा पुरेसा आहे. त्याचा बोल्ट कीलच्या उघड्या धातूला भिडला पाहिजे, आणि अ‍ॅनोडवर रंग लावायचा नाही. पुढेमागे होडी परत समुद्रावर नेली तर हे अ‍ॅनोड आधी काढा. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम झपाट्यानं संपतं आणि त्याच्या जोरानं रंगही उचकटतो.

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये (मृतसाठ्याच्या खाली) जाईल तेव्हा होडी आपसूक काठाला येईल. तेव्हाच कील पाहून घ्या: जोडाची रेघ, तळ, कडा आणि अ‍ॅनोड. अ‍ॅनोड निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला. अजिबात झिजला नसेल तर त्याचा कीलशी संपर्क तुटलाय का ते मीटरनं तपासा. खरचटलेली जागा तिथल्या तिथे घासून इपॉक्सीनं बुजवा, आणि होडी बाहेर असेपर्यंत कीलवर शेडनेट राहू द्या, कारण उन्हात इपॉक्सीची पांढरी भुकटी होते.